गाठ आणि चिमटा

(दृश्य : मुंबईतल्या मांडवीची अरुंद गल्ली, सकाळ. हातगाड्यांचा आवाज.)

सप्टेंबर १८९६. इथेच, मांडवीत, तापानं फणफणलेला एक रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्यासमोर आला. डॉक्टर मूळचे गोव्याचे. त्यांनी रोग ओळखला : प्लेग. लोकांनी त्याला नाव दिलं, गाठीचा ताप. जांघेत नाहीतर काखेत गाठ आली, की घरात रडारड सुरू व्हायची.

ही गाठ म्हणजे नक्की काय?

प्लेगचे जंतू घेऊन आलेली पिसू चावते ती बहुतेकदा पायाला. जंतू कातडीखाली शिरतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत पोचतात. ही ग्रंथी म्हणजे शरीराचा जकात नाका. आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती इथं होते. भक्षक पेशी जंतूंना गिळतात. पण प्लेगचा जंतू बिलंदर. गिळला तरी पचत नाही, उलट त्याच पेशीत वाढतो. मग आणखी पेशी धावून येतात, सूज चढते, ग्रंथी ठणकते. लोक ज्या गाठीला भीत होते, ती शरीराच्या झुंजीचीच जागा होती. नाका फुटला आणि जंतू रक्तात उतरले, की मग थोड्या दिवसांचा प्रश्न.

शहराची लढाई वेगळ्याच ठिकाणी चालली होती. गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं जात होतं, भिंतींना चुना फासला जात होता, ऊन आत यावं म्हणून छपराची कौलं उतरवली जात होती. हेतू वाईट नव्हता. पण उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी दाखवली, आणि तीही लगेच कुणाला पटली नाही.

(दृश्य : काचेचा चंबू, जवळून. रश्शावर तुपाचे थेंब.)

ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगवर लस शोधायला जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. जन्म ओडेसाचा, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेतलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जेमतेम जागा मिळाली, मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

चंबूत मटणाचा रस्सा. गाय नको, डुक्कर नको, म्हणून बोकडाचं मटण. वर तुपाचे थेंब. त्या थेंबांना धरून जंतू खाली वाढत, वडाच्या पारंब्यांसारखे. चंबू हलवला की पारंब्या गळून तळाशी बसायच्या आणि वर नव्या फुटायच्या. शेवटी हे सगळं तापवून जंतू मारायचे.

१० जानेवारी १८९७. दहा घनसेंटिमीटर लस हाफकिन यांनी स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिली त्याहून बरीच जास्त. ताप चढला, अंग ठणकलं, आणि उतरलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी लस घ्यायला पुढे आले.

मेलेला जंतू वाढत नाही, पण त्याचा तोंडवळा शाबूत असतो. शरीर तो पाहून ठेवतं, त्याच्या मापाची प्रतिद्रव्यं, म्हणजे त्यालाच धरणारी हत्यारं, घडवतं. खरा जंतू आला, की तयारीला लागणारे दिवस वाचतात. लस काही अभेद्य कवच नव्हती. ती टोचूनही काहींना प्लेग झाला, पण दगावणारे कमी झाले.

(दृश्य : जमिनीवर पडलेला चिमटा.)

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं गेले. एकोणीसही एकाच बाटलीतले.

ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन यांचं पद गेलं. पुढे बाहेर आलं ते असं : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा मातीत पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच तो बुचाला लावला गेला. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचातली झोपलेली रूपं, मातीतच असतात, आणि चिवट असतात. जंतू आधीपासून बाटलीत वाढलेले असते तर बूच निघताच घाण वास सुटला असता. तसा वास कुणालाच आला नव्हता.

लशीनं त्या शरीरांना ओळख करून दिली होती ती प्लेगची. धनुर्वाताचं विष त्यांना अनोळखी होतं, आणि ओळख करून घ्यायला सवडच मिळाली नाही.

हाफकिन यांच्या बाजूनं, डासांमुळे मलेरिया पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला.

(दृश्य : परळ, जुनं गव्हर्नमेंट हाउस.)

त्यांची प्रयोगशाळा १८९९ पासून या इमारतीत होती. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचं नाव दिलं. तेव्हा ते हयात होते, पण भारत सोडून त्यांना दहा वर्षं झाली होती.