दुसरी जाळी

एप्रिलची दुपार, सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीचा सीझन अजून चालूय, पोत्यांच्या थप्प्या लागल्यात, हमालांचे हात कोपरापर्यंत पिवळे, आणि उन्हाच्या तिरपीत हा जो बारीक भुगा उडताना दिसतोय ना, त्याचाच माग काढत आपण निघालोय. दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या आत्याकडं.

घर भाड्याचं. वर थेट स्लॅब तापतो, मामांची बायपास झालेली, त्यांना दुपारी गार खोली पाहिजेच, पण भिंतीला भोक पाडायला मालक तयार नाहीत. मग स्प्लिट एसीचा विषय संपला आणि हे चाकांवरचं मशीन आलं, कमरेएवढं उंच, मागून घड्याघड्यांचा जाड पाइप खिडकीत गेलेला. पोर्टेबल एसी. दुपारी हॉलमध्ये, रात्री बेडरूममध्ये.

आता यातली गोम बघा. स्प्लिटमध्ये गरम होणारा भाग घराबाहेर टांगलेला असतो. इथं गार कॉइल, गरम कॉइल, कॉम्प्रेसर सगळं एकाच डब्यात, खोलीच्या आतच. ती गरम कॉइल थंड करायला मशीन खोलीतलीच हवा ओढतं आणि पाइपातनं बाहेर फेकतं. हवा बाहेर गेली म्हणजे तेवढी कुठून तरी आत येणारच की, मग ती दाराच्या फटीतनं, जुन्या खिडकीच्या सांध्यातनं येते, गरम येते आणि येताना रस्त्यावरची धूळ आणि यार्डातला भुगा घेऊन येते. म्हणून आत्याच्या मशीनची हवा गाळायची जाळी काढली की ती राखाडी नसते, पिवळसर असते. हे मी स्वतः बघितलंय.

सलग दोन उन्हाळे हे मशीन नुसतं घरघरायचं, गार काय व्हायचं नाही. दोन्ही वेळा मेकॅनिक आला, म्हणाला गॅस संपलाय, गॅस भरला, पैसे घेतले, आठ दिवस बरं वाटलं आणि परत तेच. मला याचा अजून राग येतो, कारण गॅस हा काय स्कूटरमधलं पेट्रोल नाही संपायला. फ्रिजसारखंच आहे ते, बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता भरलेला गॅस तिथनंच परत जाणार. आधी लीक शोधायचं, बुजवायचं, व्हॅक्युम करायचं, म्हणजे नळीतली हवा ओढून काढायची, मग मोजून गॅस भरायचा, हा क्रम. आणि मागच्या स्टिकरवर आर-२९० लिहिलेलं असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो, तिथं शिकाऊ माणसाला हात लावू देऊ नका.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आत्या आणि मी मशीन भिंतीपासून ओढलं, प्लग काढला, आणि पाठीमागं खाली एक झाकण दिसलं. वरची जाळी आत्या दर रविवारी धुवायची, त्यात कधी चूक नाही. पण खाली गरम कॉइलच्या पुढं दुसरी जाळी आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दोन्ही मेकॅनिकनीही नाही. काढली तर नमद्यासारखा थर! त्या दिवशी ती धुऊन लावली आणि संध्याकाळी मामा म्हणाले, पंखा जरा कमी कर गं.

तर जाळ्या दोन असू शकतात, तुमच्या मशीनला फिरवून बघा. कोमट पाणी, गरज वाटली तर थोडा साबण, सावलीत पूर्ण वाळवायची, उन्हात ठेवली तर प्लास्टिकची चौकट वाकते. पंधरा दिवसातनं एकदा पुरतं, यार्डाजवळ राहत असाल तर आठवड्याला. कॉइलवरची धूळ मऊ ब्रशनं, पात्यांच्या दिशेनंच. पाण्याचा पाइप लावून मशीन धुवायचं नाही, आत वायरिंग आहे.

तो पांढरा पाइप आखूड आणि सरळ पाहिजे. लांब पडतो म्हणून जोड देऊ नका, वाकडा झाला की गरम हवा अडते. आणि हात लावून बघा, चांगला तापतो, म्हणजे थोडी गरमी खोलीतच राहतीये. आत्यानं त्याच्यावर जुनी वाकळ गुंडाळलीये, खिडकीच्या फटीत थर्माकोल कापून बसवलाय. दिसायला कसंही असू दे, खोलीतला फरक कळतो.

पाण्याचं सांगतो. गार कॉइलवर जमणारं पाणी मशीन गरम कॉइलवर उडवतं आणि वाफ करून बाहेर टाकतं, म्हणून एप्रिलच्या कोरड्या हवेत काही जाणवत नाही. वळीव पडून गेला की मात्र हवेत दमटपणा येतो, टाकी भरते, आणि मशीन आपोआप बंद पडतं. बिघडलं नाही ते. प्लग काढा, परात खाली लावा, तळाचं बूच उघडा. पाणी फरशी पुसायला वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका, त्यात कॉइलवरची घाण असते.

बोर्डाचं सॉकेट १६ अँपिअरचं पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्ड नको. आत्याकडचा एकदा वितळलेला, वासानं कळलं म्हणून बरं.

जूनमध्ये पाऊस लागला की मशीन बंद करायचं. पाणी काढा, तीन-चार तास नुसता फॅन चालवा म्हणजे आतनं वाळतं, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी कुबट वास येतो. सुती कपड्यानं झाका, उभंच ठेवा.

आणि आपलं गाव कृष्णेकाठचं. २०१९ चा ऑगस्ट, २०२१ चा जुलै, दोन्ही वेळचा पूर, खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना सांगायला नको. इथल्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि तेव्हा गडबडीत हे मशीन आडवं करून जिन्यानं वर नेतात. आडवं केलं की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. दोघांनी धरा, उभं न्या. आडवं झालंच असेल तर उभं करून एक दिवस तसंच ठेवा, मगच प्लग लावा. पुराचं पाणी आत गेलं असेल तर चालू करून बघायचंच नाही.

आत्या आता खालचं झाकण उघडतीये. आज रविवार.