मॅन्युअलमध्ये सरळ यूटीएफ-८ लिहा

पोरांनो, तुमच्या प्रोजेक्टच्या रीडमी फाईलमध्ये एक ओळ मला हमखास सापडते, "फाईल योग्य एन्कोडिंगमध्ये सेव्ह करावी". एन्कोडिंग म्हणजे अक्षरं फाईलमध्ये नंबरांच्या रूपात साठवायची पद्धत. आता योग्य म्हणजे कोणतं, हे त्या वाचणाऱ्यानं कुठून शोधायचं?

मागे चोपड्याकडच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर केलं होतं, शेतकऱ्यांच्या नावांची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल, अपलोड करायची, आणि मॅन्युअल मी लिहिलेलं, त्यात हेच वाक्य. त्यांच्या मुनीमजींनी कित्येक वर्षं जुन्या फॉन्टात टाईप केलेली यादी चढवली तर स्क्रीनवर सगळी इंग्रजी अक्षरं. फोन आला, "हाई काय शे भाऊ?" चूक त्यांची नव्हतीच. त्या फॉन्टांमध्ये डोळ्याला क दिसायचा, पण फाईलमध्ये नंबर इंग्रजी अक्षराचाच असायचा, म्हणजे फॉन्ट गेला की मराठी पण गेली.

युनिकोड म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक नंबर देणारी यादी, तिनं देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या, आणि ते नंबर फाईलमध्ये बाइट्सच्या रूपात कसे उतरवायचे याची एक पद्धत म्हणजे यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बनवलेली. साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट, आपल्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेलाही ३. आता "केळी" घ्या. क, त्याची मात्रा, ळ, वेलांटी, असे ४ तुकडे, झाले १२ बाइट. तुम्ही कॉलम १० बाइटचा ठेवला आणि प्रोग्रॅमनं उरलेलं नुसतं कापून टाकलं तर "केळ" उरतं आणि पुढे एक फुटका बाइट, स्क्रीनवर प्रश्नचिन्हाचा चौकोन. म्हणून लांबी अक्षरांत मोजली की बाइटांत, हे पण डॉक्युमेंटेशनमध्ये आलंच पाहिजे. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर यूटीएफ८एमबी४ असं पूर्ण नाव लिहा, कारण तिथलं जुनं यूटीएफ८ ३ बाइटांपर्यंतच जातं, मराठी त्यात छान बसते म्हणून टेस्टिंगमध्ये काहीच कळत नाही, आणि मग कोणीतरी शेऱ्यात इमोजी टाकतं, त्याला बहुतेक वेळा लागतात ४.

काही जण म्हणतात सक्ती कशाला, युजरला हवं ते एन्कोडिंग निवडू द्या ना. मला हे अजिबात पटत नाही. सीएसव्हीच्या आत एन्कोडिंगचं नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे उघडणारा प्रोग्रॅम अंदाज करतो, आणि अंदाज चुकला की "जळगाव"च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए रांगेनं उभे राहतात, आणि निस्तरायला बसतो कोण, तर तालुक्याच्या गावातला ऑपरेटर, ज्याला विचारायला शेजारी कोणी नाही.

पण फक्त "यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा" एवढ्यानंही मुनीमजींचं काम झालं नसतं, हे मला नंतर कळलं. जुन्या फॉन्टातली फाईल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली तरी आत इंग्रजी अक्षरंच राहतात, ती आधी त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून काढावी लागते. आमच्या मॅन्युअलमध्ये आता ही ओळ पहिल्या पानावर आहे, अपलोडच्या बटणाच्या चित्राच्याही आधी.