चोवीस, तीन आणि एक : मोसमात शर्यती किती असाव्यात?

[दृश्य : रविवारची संध्याकाळ. कर्वे रस्त्यावरची रहदारी. एका घरातला टीव्ही, पडद्यावर रांगेत उभ्या गाड्या.]

युरोपात उन्हाळ्यातले दुपारचे तीन वाजतात, तेव्हा पुण्यात साडेसहा होतात. देवापुढे दिवा लावायची वेळ आणि फॉर्म्युला वनची शर्यत सुटायची वेळ आमच्या घरात कित्येक वर्षं एकच आहे. पूर्वी त्या रविवारची वाट बघावी लागायची. आता एक शर्यत पचली नाही तोवर दुसरी दारात उभी असते.

१९५० साली हे अजिंक्यपद सुरू झालं तेव्हा मोसमात ७ शर्यती होत्या. १९८८ मध्ये १६. २०२४ मध्ये २४, आणि २०२५ मध्येही २४. शिवाय त्यांतल्या सहा ठिकाणी शनिवारी १०० किलोमीटरची छोटी शर्यत, म्हणजे स्प्रिंट, वेगळी.

आकडा का वाढतो, हे समजायला सोपं आहे. शर्यत भरवणारं शहर त्यासाठी मोठी फी मोजतं. एक शर्यत वाढली की एक फी वाढली. पण ही वाढ कोणाच्या अंगावर पडते?

[दृश्य : पिंपरीतलं कारखान्याचं गेट. पाळी सुटण्याची वेळ.]

पिंपरी-चिंचवडमध्ये ज्यांच्या घरी कुणी पाळीत काम केलंय, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फर्स्ट शिफ्टची नाइट झाली की पहिले तीन दिवस माणूस जेवतो एकीकडे आणि झोपतो दुसरीकडे. २०२४ च्या मोसमाच्या शेवटी लास वेगस, कतार आणि अबू धाबी अशा तीन शर्यती सलग तीन आठवड्यांत झाल्या. लास वेगस आणि कतार यांच्या घड्याळांत ११ तासांचं अंतर आहे. शर्यत संपल्यावर चालक निघून जातो. मेकॅनिक त्याच रात्री गॅरेज उतरवतो, पेट्या भरतो आणि पुढच्या देशात पुन्हा सगळं उभं करतो. टीव्हीवर आपल्याला त्याचे दोन-तीन सेकंद दिसतात. टायर बदलताना.

चतुर्थी दर महिन्याला येते, गणपती मात्र भाद्रपदातच बसतात. म्हणूनच ढोल पथकातली मुलं त्या दहा दिवसांसाठी पावसात सराव करतात. २४ शर्यतींमध्ये ही असोशी टिकत नाही, हे मी प्रेक्षक म्हणून अनुभवलंय. आणि शर्यती वाढल्या म्हणून चुरस वाढते असंही नाही. २०२३ मध्ये चालक मॅक्स व्हर्स्टॅपनने अजिंक्यपद पक्कं केलं तेव्हा सहा मुख्य शर्यती बाकी होत्या.

जुन्या काळी एक नियम होता, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. दहावीचं 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आठवा. तसंच १९८८ मध्ये १६ पैकी सर्वोत्तम ११ निकालच धरले जायचे. त्या वर्षी दोन चालकांत चुरस होती. सगळे गुण मोजले तर अलेन प्रोस्टचे १०५ आणि आयर्टन सेनाचे ९४ होते. नियमाने गाळणी लावल्यावर सेना ९०, प्रोस्ट ८७. सेना विजेता झाला. त्यावर वाद झाले, आजही होतात. पण बिघाडामुळे हातची शर्यत गेली तरी वर्ष बुडत नव्हतं, आणि त्यासाठी शर्यतींचा ढीग लावावा लागत नव्हता. हा नियम १९९० नंतर गेला.

[दृश्य : चाकण. ट्रेलरवर चढणाऱ्या नव्या मोटारसायकली.]

दुचाकींवर तर हिशेब थेट हाडांशी आहे. चाकणला ज्या केटीएमच्या गाड्या तयार होतात, तीच कंपनी मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या जागतिक अजिंक्यपदात, उतरते. २०२३ पासून मोटोजीपीने प्रत्येक फेरीला शनिवारची स्प्रिंट जोडली. त्या वर्षी रविवारच्या एकाही मुख्य शर्यतीत सगळे नियमित स्वार एकत्र उभे राहू शकले नाहीत. कुणी ना कुणी दुखापतीने बाहेरच होता. दिल्लीजवळच्या आपल्या बुद्ध सर्किटवर सप्टेंबरात मोटोजीपी आली, तेव्हा स्प्रिंटमध्ये एका स्वाराचं कॉलरबोन मोडलं. रविवारी उष्म्यामुळे ट्रॅकच्या २४ ऐवजी २१ फेऱ्या ठेवल्या, तरी काहींची अवस्था बघवत नव्हती.

[दृश्य : बालेवाडी क्रीडासंकुल. मातीचे उंचवटे, हवेत झेपावलेली मोटारसायकल.]

आता उलटी बाजू. २८ जानेवारी २०२४, रविवार, बालेवाडी. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगच्या पहिल्या मोसमाची पहिली फेरी. मैदानात माती आणून, दाबून, उंचवटे घडवून ट्रॅक केलेला. पुढची फेरी अहमदाबादला, शेवटची बेंगळुरूला. संपला मोसम! तीन फेऱ्या, साधारण महिनाभरात.

कॉलरबोन जुळून यायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे बालेवाडीत पडलेल्या मुलाला सावरून परतायला मोसमच उरत नाही. चोवीस शर्यती माणसाला दमवतात, पण तीन शर्यती चुकीची दुरुस्तीच करू देत नाहीत. मला हे जास्त टोचतं, कारण ही आपली मुलं आहेत.

माझं मत विचाराल तर फॉर्म्युला वनला १६ ते १८ शर्यती पुरेत, सलग दोनपेक्षा जास्त नकोत. आणि आपल्या सुपरक्रॉसला सहा हव्यात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, महिन्याला एक. पडलेला डिसेंबरात परत येईल, आणि मोसम अजून चालू असेल.

[दृश्य : अभियांत्रिकी महाविद्यालयाचं वर्कशॉप. रात्र. वेल्डिंगच्या ठिणग्या.]

पुण्यातल्या कॉलेजांमधली काही मुलं मात्र वर्षातल्या एकाच स्पर्धेसाठी जगतात. फॉर्म्युला भारत, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. गाडी स्वतः आखायची, स्वतः जोडायची, टेम्पोत बांधून हजारावर किलोमीटर न्यायची. तिथे सगळ्यात अवघड परीक्षा साधारण २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सची, म्हणजे गाडी शेवटपर्यंत टिकते का याची. एक होज निसटला, एक बोल्ट सैल झाला, की गाडी कडेला.

परतीचा टेम्पो नवले पुलावरून शहरात शिरतो तेव्हा बहुधा मध्यरात्र उलटलेली असते. गाडी उतरवतात, ताडपत्री घालतात. तिसऱ्या वर्षाची मुलं निसटलेला होज हातात धरून बोलत बसतात, पुढच्या वेळी क्लॅम्प कुठला लावायचा ते. चौथ्या वर्षाची मुलं ऐकत उभी असतात. त्यांना पुढची वेळ नसते.