29 नोव्हेंबरला हातमोजे आणा

नमस्कार मंडळी. अध्यक्षबाई म्हणाल्या जेवणं होईपर्यंत पाच मिनिटं बोला, विषय तुमचा तुम्ही ठरवा. आता मला दुसरा विषय कुठून सुचणार? बुधवारी गणपती बसतायत आणि शनिवारी 30 ऑगस्ट 2025 ला ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमची या सीझनची पहिली मॅच आहे, न्यू मेक्सिकोशी. माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला आठवडा हाच.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी सांगतो, मिशिगन स्टेडियम म्हणजे बिग हाऊस, 1927 सालचं, 1,07,601 माणसं बसतात, कोविडचं वर्ष सोडलं तर 1975 पासून घरच्या मॅचला गर्दी कधी लाखाच्या खाली गेलेली नाही. बाहेरून एवढं मोठं वाटतच नाही, कारण बरंचसं जमिनीच्या खाली आहे, गेटातून आत गेलं की एखाद्या प्रचंड विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं होतं. खेळाचं म्हणाल तर चार प्रयत्नात दहा यार्ड पुढे जायचं, एवढं कळलं की बसा, बाकीचं शेजारचा काका समजावतो, अगदी प्रेमाने समजावतात हो.

मी आलो 2007 च्या ऑगस्टमध्ये आणि माझी पहिली मॅच 1 सप्टेंबरची, ॲपलाचियन स्टेट, नाव पण कोणी ऐकलेलं नाही अशी खालच्या गटातली टीम, आणि आपण 34-32 हरलो, शेवटच्या सेकंदांत आपली फील्ड गोलची, म्हणजे तीन पॉइंटांची, किक त्यांनी अडवली. एवढी माणसं आणि कोणी काही बोलेना. मी कोणालाच ओळखत नव्हतो, पण बाहेर पडताना पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी ये. मी गेलो.

नंतरची बरीच वर्षं वाईटच गेली. 2015 ची मिशिगन स्टेटची, म्हणजे आपल्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाची, मॅच तर विसरता येत नाही, दहा सेकंद राहिलेले, आपण 23-21 पुढे, फक्त बॉल लाथ मारून लांब घालवायचा होता, तो लाथ मारणाऱ्या आपल्या पोराच्या, पंटरच्या, हातातून निसटला आणि त्यांच्या पोराने उचलून थेट पळत नेला, 27-23. मी घरी टीव्हीसमोर, मुलगी चार वर्षांची, मांडीवर बसून विचारतेय, बाबा आपण जिंकलो ना? आपली कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट, तिच्याशी तर ओळीने आठ वेळा हरलो, दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी घरात सुतक.

आणि मग 27 नोव्हेंबर 2021, परत ओहायो स्टेट. मुलगी दहा वर्षांची, पहिल्यांदा बिग हाऊसला, बर्फ पडतोय, बसायचे बाक ॲल्युमिनियमचे, खाली घोंगडी टाकली तरी गारठा वर येतोच. आपल्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाऊन केले, म्हणजे पाच वेळा बॉल त्यांच्या रेषेपार नेला, पाच! 42-27 जिंकलो. लोक मैदानात उतरले, मुलीच्या पापण्यांवर बर्फ होता आणि ती रडत होती, मी पण. ज्यांना नीट बघितलं पण नाही असे शेजारचे लोक आम्हाला मिठ्या मारत होते.

2023 चं तुम्हाला माहीतच आहे, पंधरा जिंकल्या, एकही हरलो नाही. रोझ बोलला, म्हणजे सेमीफायनलला, अलाबामाला ओव्हरटाइममध्ये 27-20 हरवलं, त्यांना शेवटच्या प्रयत्नाला गोल लाइनजवळ अडवलं, मग ह्यूस्टनला फायनलमध्ये वॉशिंग्टनला 34-13. 1997 नंतर पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्या सीझनचं समोरच्या टीमच्या खुणा चोरण्याचं प्रकरण मी लपवणार नाही, आत्ताच मोठा दंड झालाय, आणि कोच मूर या 2025 च्या सीझनला तिसऱ्या-चौथ्या मॅचला नसणार. मला वाईट वाटतं, कारण ती पोरं खरंच तेवढी चांगली होती.

मागच्या सीझनला आठ जिंकल्या, पाच हरलो, हार्बॉ कोच गेले, बॉल फेकून खेळ चालवणारा क्वार्टरबॅक कोण त्याचा पत्ता नाही, पण कोलंबसला ओहायो स्टेटच्या घरी जाऊन 13-10 जिंकलो! त्याच ओहायो स्टेटने पुढे विजेतेपद मिळवलं, पण आपल्याला नाही हरवता आलं. त्यांच्यावर सलग चार विजय झाले.

कॉलेजच्या टीमचं हेच वेगळं आहे बघा, पोरं तीन-चार वर्षांत जातात, आपण नाव पाठ करतो तोवर निघाली. तरी ओढ तुटत नाही, नवीन पोरगं आलं की परत आपलं वाटायला लागतं. आता ब्राइस अंडरवुड, इथलाच, बेलव्हिलचा, देशातला पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक म्हणून निवडलेला, जन्म 2007 चा. म्हणजे मी इथे आलो तेव्हा हा नुकता जन्मलेला, आणि आता याच्याकडे डोळे लावून बसलोय! बहुतेक शनिवारी तोच उतरेल. पोरगं लहान आहे, लगेच सगळं मागू नका त्याच्याकडे. 6 सप्टेंबरला ओक्लाहोमाला जायचंय, तिथे खरं काय ते कळेल, ऑक्टोबरमध्ये यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) आणि मिशिगन स्टेट दोन्ही परक्या मैदानावर, मला यूएससीचीच जास्त धास्ती आहे.

ओहायो स्टेट मात्र घरी, 29 नोव्हेंबर. स्टेडियमजवळच्या पायोनियर हायस्कूलच्या मैदानात गाडी लावू, सकाळी लवकर निघायला लागेल नाहीतर जागा मिळत नाही. बटाटेवड्याचं सारण आणि शेगडी मी आणतो, पाव कोणीतरी घ्या, हातमोजे प्रत्येकाने आपापले. नावं आज जेवताना माझ्या मुलीकडे द्या, ती तिकडे निळा स्वेटशर्ट घालून उभी आहे.