कॉर्नवॉलच्या खुराड्यात असील

(दृश्य : पहाट, धुकं. लाकडी खुराड्यांची रांग. एक कोंबडा आरवतो.)

हा पहिला आरवला की शेजारच्या तिन्ही खुराड्यांतून उत्तर येतं, आणि मग आजोबा दार उघडतात. गेली चाळीस वर्षं रोज हेच चाललंय.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये आपण आहोत. आमचं नाव नको, कोंबड्या दाखवा, एवढी एकच अट आजोबांनी घातली. तेव्हा नाव सांगतो ते जातीचं : इंडियन गेम.

(दृश्य : कोंबडा समोरून, जमिनीच्या पातळीवरून.)

याला पुढूनच बघायचं. दोन पायांत केवढं अंतर आहे! छाती रुंद, खांदे बाहेर आलेले, पाय जाड आणि पिवळेधमक. आखाड्यात मांड ठोकून पैलवान उभा राहावा, तसा हा उभा आहे. वजन साडेतीन किलोहून जास्त, पण दिसण्यावरून तेवढं वाटत नाही. पिसं आखूड, अंगाला घट्ट बसलेली, खाली मऊ पिसांचा फुगारा जवळजवळ नाहीच. उचलला की हाताला लागतं ते सगळं मांस.

(दृश्य : कोंबडीची पाठ, अगदी जवळून.)

आता ही तलंग, म्हणजे तरणी कोंबडी. काताच्या रंगाचं पीस, त्याच्या कडेला काळी रेघ, आणि आत पिसाच्याच आकाराची दुसरी काळी रेघ. लुगड्याला दुहेरी काठ असावा तशी. उन्हात या काळ्यावर सोनकिड्यासारखी हिरवी झाक येते. मानेच्या खालपासून शेपटीपर्यंत दोन्ही रेघा स्वच्छ हव्यात. कुठे रेघ फुटली, कुठे काळं पसरलं, तर तलंग कितीही दांडगी असली तरी प्रदर्शनात मागे पडते. ही नक्षी कुणी रंगवलेली नाही. कुठला कोंबडा कुठल्या कोंबडीला लावायचा, हे दर वसंतात ठरवून ठरवून ती पिढ्यान्‌पिढ्या पिसांवर राखली गेली आहे.

(दृश्य : बॉडमिनच्या टेकडीवरचा दगडी स्तंभ.)

हा 144 फुटी स्तंभ जनरल सर वॉल्टर रॅले गिल्बर्ट यांच्या स्मरणार्थ उभा आहे. गिल्बर्ट बॉडमिनचे, उभी हयात बंगालच्या फौजेत गेली. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचा झुंजीचा कोंबडा असील, मलायी कोंबडा आणि इंग्रजी झुंजीचा कोंबडा यांच्या संकरातून इंडियन गेम तयार झाली, आणि परंपरेने तिचं श्रेय गिल्बर्टना दिलं जातं. झुंजीला हा पक्षी जड आणि मंद ठरला. छातीवरचं मांस मात्र असं भरलं, की खाण्याचे पक्षी हवे असणारे शेतकरी याचा कोंबडा मागून नेऊ लागले.

‘असील’ म्हणजे जातिवंत, खऱ्या कुळाचा. आपण रोज ‘अस्सल’ म्हणतो, तो शब्दही याच अरबी घराण्यातला.

या पिवळ्या पायांतही आपला वाटा आहे. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण कातडीच्या पिवळ्या रंगाचं जनुक त्याच्याकडून आलेलं नाही, ते करड्या रानकोंबड्याचं आहे, हे 2008 साली संशोधकांनी दाखवून दिलं. करडा रानकोंबडा म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात पहाटे अडखळत ओरडतो, तोच.

(दृश्य : जुनी चित्रं, पिंजऱ्यांच्या रांगा, टोप्या घातलेली गर्दी.)

1835 साली इंग्लंडमध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. झुंजीसाठी राखलेली उत्तम वाणं आणि ती पारखणारी नजर, दोन्ही एका रात्रीत निरुपयोगी व्हायची वेळ आली होती. 1845 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि पुढे गावोगाव त्यांचं वेड पसरलं. जो पक्षी रक्त सांडायला उतरायचा, तो पिंजऱ्यात पारखायला ठेवला जाऊ लागला. माझ्या मते त्यामुळेच ही वाणं टिकली. आपल्याकडे 1960 च्या कायद्याने झुंज लावणं गुन्हा ठरवलं, तरी असील म्हटलं की आजही लोकांना झुंजच आठवते. तमिळनाडूत पोपटचोचीचे, लांब शेपटीचे असील हौसेने प्रदर्शनात मांडतात. तसे पिंजरे आपल्या जत्रेत, कृषी प्रदर्शनात बैलांच्या शेजारी मांडलेले मला बघायचे आहेत.

(दृश्य : स्वयंपाकघर, कोमट पाण्याचं घमेलं.)

उद्या प्रदर्शन. कोंबडी टॉवेलात गुंडाळलेली, पाय तेवढे बाहेर. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. पायाच्या प्रत्येक खवल्याखाली साचलेला मळ लाकडी काडीने काढायचा, तोही वरून खाली, म्हणजे खवला उचकटत नाही. एका पायाला वीस मिनिटं लागतात. मग तुऱ्याला बोटभर व्हॅसलीन, आणि शेवटी रेशमी रुमाल मानेकडून शेपटीकडे फिरवत राहायचा, पिसांना चकाकी येईपर्यंत. कोंबडी डोळे मिटते.

गेला महिनाभर ती रोज थोडा वेळ प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात बसते आहे. परीक्षकाच्या काठीने बिचकू नये, हात आत आला तर अंग चोरू नये, म्हणून ही सवय. बुजरी कोंबडी आपली छाती दाखवतच नाही.

(दृश्य : सभागृह, बंद दार. मग पिंजऱ्यांच्या रांगा.)

परीक्षण सुरू असताना कॅमेऱ्याला आत प्रवेश नव्हता. दार उघडलं तेव्हा निकालाच्या चिठ्ठ्या लागलेल्या होत्या.

(दृश्य : आजोबा चिठ्ठी वाचतात. निवेदन नाही.)

रुंदीच्या हव्यासात काही कोंबड्यांना नैसर्गिकपणे जोडी लावणंही अवघड झालंय, आणि 2021 नंतर बर्ड फ्लूमुळे कितीतरी प्रदर्शनं रद्द झाली. आता इथे एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करावी लागते.

ब्रॉयलर मात्र थांबला नाही. इंडियन गेमला अमेरिकेत कॉर्निश म्हणतात. 1948 साली तिथे ‘उद्याची कोंबडी’ शोधण्याची स्पर्धा झाली, ती कॉर्निशच्या संकराने जिंकली. जगभरच्या ब्रॉयलरच्या बापाच्या बाजूला कॉर्निशचं रक्त आहे, म्हणजे कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात ब्रॉयलर पडला, तर त्यातही असीलचा अंश असतो.

(दृश्य : वसंत. तळहातावर पिल्लू.)

पिल्लाच्या पायात ओळखीसाठी घालायचं हे कडं बंद असतं, त्यावर वर्षाचे आकडे. पाय कोवळा असतानाच चढवावं लागतं. पुढची तीन बोटं एकत्र धरायची, मागचं बोट पायाला लावून मागे वळवायचं आणि कडं वर सरकवायचं. पहिल्यांदा ते अडकतं. पिल्लू ओरडतं. आजोबा बोटाला थोडं तेल लावतात.

सरकलं.

वहीत नोंद होते : कड्याचा क्रमांक, बापाचा क्रमांक, आईचा क्रमांक. रकाना रंगाचा, तो अजून रिकामा. पिसं आल्यावर भरायचा.