तिकीट नाही, खेळ आहे

(रिकामं सभागृह. टेबलावर पत्र्याचा डबा.)

सिनेमाचा खेळ सातचा. प्रोजेक्टर चालवणारे काका पाचलाच हजर.

फिल्मच्या डब्याचं झाकण निघालं की ते आधी वास घेतात. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्म सडायला लागली म्हणून समजा. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकच्या फिल्मचं हे दुखणं बरं होत नाही. थंड, कोरड्या जागी ठेवून लांबवता येतं, एवढंच. आजचा डबा ठीक आहे.

ही 16 मिलिमीटरची फिल्म 1923 साली आली, ती हौशी लोकांना घरी चित्रण करता यावं म्हणून. थिएटरातली 35 मिलिमीटरची नायट्रेट फिल्म तेव्हा भडकन पेट घ्यायची. ही तशी पेटत नाही. त्यामुळेच सिनेमा शाळेच्या वर्गात गेला, वाचनालयात गेला, फिल्म सोसायट्यांनी मागून आणलेल्या हॉलमध्ये गेला.

(काकांची बोटं. अगदी जवळून.)

आता हात बघा. फिल्म दातेरी चाकांवर चढते, गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या खाचेतून, खाली उतरते. गेटच्या वर आणि खाली काका थोडी फिल्म सैल सोडतात. हा लूप. रीळ अखंड फिरत असतं, पण गेटपाशी प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबावं लागतं, सेकंदाला 24 वेळा. तो हिसका लूप झेलतो. लूप गेला की चित्र थरथरतं, फिल्मच्या कडेची छिद्रं फाटतात. शिवाय फिल्मवर आवाज चित्राच्या 26 चौकटी पुढे छापलेला. खालचा लूप चुकला तर ओठ हलतात एकीकडे, शब्द येतात भलतीकडे.

मग ब्रश. गेटमध्ये अडकलेला एक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो.

(खुर्च्या भरतायत.)

दारात तिकीट फाडणारं कोणी नाही. फुकट आहे ते प्रेक्षकाला. सिनेमाचे हक्क कुणाकडे असतील तर जाहीर खेळासाठी परवानगी घ्यावीच लागते. ती घेतली आहे.

(अंधार. झोत. चेहरे. इथे निवेदन नाही, फक्त प्रोजेक्टरची घरघर.)

1,600 फुटांचं रीळ साधारण 44 मिनिटं चालतं. प्रोजेक्टर एकच, म्हणून रीळ बदलताना दिवे लावावे लागतात. कुणी याला गैरसोय म्हणेल. पण शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला ‘ती खरंच परत येईल का हो?’ असं विचारता येतं ते याच पाच मिनिटांत. मोबाइलवर हाच सिनेमा एकट्याने बघताना विचारणार कुणाला?

(दुसरं रीळ. पुन्हा अंधार.)

या प्रोजेक्टरचे बल्ब आता सहज मिळत नाहीत. दोन उरलेत.

(दिवे. खुर्च्या आवरतायत.)

काका रीळ उलटं गुंडाळतायत. फिल्मच्या कडा दोन बोटांच्या चिमटीतून सरकू देतात. कुठे छिद्र फाटलं असेल, तर ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.

बोटं थांबली. काकांनी चश्मा लावला.