सोंगाड्या आणि राजपुत्र

मंडळी, मागच्या आठवड्यात इथं ‘युअर हायनेस’ हा इंग्रजी चित्रपट दाखवला आणि तेव्हापासून टिळकवाडीत चहाला बसायची सोय राहिली नाही. एक म्हणतो, असला ओंगळ प्रकार बेळगावात दाखवायचा? दुसरा म्हणतो, सर, परत लावा की! म्हटलं, चला, आज त्यावरच बोलू.

चित्रपट २०११ चा. दोन राजपुत्र. थोरला फेबियस शूर, देखणा. धाकटा थॅडियस आळशी, भित्रा, तोंडाचा फाटका. थोरल्याची नवरी जादूगार पळवतो आणि दोघं तिला सोडवायला निघतात. किल्ले, तलवारी, राक्षस, सगळं थाटामाटाचं, बोलणंही दरबारी. त्याच दरबारी सुरात धाकटा शिवी हासडतो ती मात्र बसस्टँडवरची. बैलतोंड्या राक्षस मेल्यावर पराक्रमाची खूण म्हणून त्याला शिंग हवं असतं. ते काही कापता येत नाही. मग तो राक्षसाचा भलताच अवयव कापतो आणि गळ्यात बांधून मिरवतो. त्या क्षणाला पुढच्या दोन रांगा लोळल्या आणि मागचे एक काका छत्री घेऊन उठले.

चावटपणा आपल्याला नवा आहे, असं कृपा करून कुणी म्हणू नका. तमाशात गण झाला की गौळण, आणि गौळणीत मावशी खुद्द कृष्णाची फिरकी घेते. आपल्याच जिल्ह्यातल्या ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड लोकनाट्यात दूतीही काही कमी बोलत नाही. दादा कोंडक्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले. ती तिकिटं काय नुसत्या टवाळांनी काढली?

माझा आक्षेप चावटपणाला नाहीच. सोंगाड्या रंगतो, कारण त्याच्या शेजारी राजा उभा असतो. राजाला प्रेक्षकांनी राजा मानलेलं असतं आणि टर उडते ती त्या मानाची. शिवाय सोंगाड्या फार वेळ थांबत नाही. टाळी घेतली की बाजूला, वग पुढं सरकतो. इथं सोंगाड्याच नायक! दरबारी बोलायचं आणि मध्येच घाण टाकायची, ही युक्ती पहिल्यांदा भन्नाट लागते. मी स्वतः मोठ्यानं हसलो. अर्ध्या तासानं मात्र पुढची शिवी कधी येणार, ते आधीच कळतं. मधल्या लढाया तर इतक्या मन लावून केल्यात, की हसायला आलेला कंटाळतो. तलवारबाजी बघायला आलेल्याला त्या आवडतात, पण त्याला शिव्या नको असतात. खर्च सुमारे ५ कोटी डॉलर, जगभरातली कमाई ३ कोटीसुद्धा नाही.

त्यात नावं मोठी. नताली पोर्टमनला त्याच फेब्रुवारीत ऑस्कर मिळालं होतं, थोरला झालेला जेम्स फ्रँको त्या सोहळ्याचा सूत्रसंचालक होता, आणि एप्रिलमध्ये हे पडद्यावर. दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीनचा पहिला चित्रपट, २००० सालचा ‘जॉर्ज वॉशिंग्टन’, अगदी शांत, हळुवार. तो बघून आलेल्यांची काय अवस्था झाली असेल! पण ग्रीननं २००८ मध्येच ‘पायनॅपल एक्सप्रेस’ हा असाच शिवराळ विनोदी चित्रपट केला होता, त्यातही फ्रँको आणि इथला धाकटा, म्हणजे डॅनी मॅकब्राइड, होतेच. ज्यांनी तो पाहिला होता, त्यांना धक्का बसायचं कारण नव्हतं.

आता मी बसतो. छत्रीवाले काका आज आले आहेत, पहिलं त्यांनी बोलावं.